वाचता न येणारी डेटा फाइल

रिलेशनल डेटाबेसमधली एखादी डेटा फाइल सर्व्हरला उघडता, ओळखता किंवा वाचता येत नसेल, तर त्यामागे चार अगदी वेगळी कारणे असू शकतात. फाइल जागेवर नसते; जागेवर असूनही सर्व्हर तिच्यापर्यंत पोचू शकत नाही; फाइल धड असते, पण ती उरलेल्या डेटाबेसच्या मागे किंवा पुढे राहिलेली असते; किंवा तिच्यातले काही ब्लॉक खरोखरच बिघडलेले असतात. वापरणाऱ्याला चारही वेळा काम बंद पडलेलेच दिसते. उपाय मात्र प्रत्येक कारणाचा निराळा आहे, आणि पहिल्या दोन कारणांवर चौथ्याचा उपाय केला तर शाबूत असलेला डेटा हातचा जातो. त्यामुळे या कामात दुरुस्तीपेक्षा निदानाला अधिक महत्त्व आहे. पुढील विवेचन मुख्यतः ओरॅकल डेटाबेसच्या आधारे केले आहे. इतर डेटाबेसांतील महत्त्वाचे फरक शेवटाकडे दिले आहेत.

रचना : ओरॅकलमध्ये तक्ते आणि इंडेक्स टेबलस्पेसमध्ये असतात आणि प्रत्येक टेबलस्पेस एक किंवा अधिक डेटा फाइलींची बनलेली असते. फाइल ठरावीक मापाच्या ब्लॉकांत विभागलेली असते. हे माप सामान्यतः ८ केबी असते, २ ते ३२ केबीपर्यंत ठेवता येते. डेटाबेसमध्ये कोणत्या फाइली आहेत, त्या कुठे आहेत आणि प्रत्येकीत कुठवरचे बदल पोचले आहेत, याची नोंद कंट्रोल फाइलमध्ये असते. बदलांचा क्रम सिस्टिम चेंज नंबर या सतत वाढणाऱ्या आकड्याने मोजला जातो. प्रत्येक डेटा फाइलच्या शीर्षभागातही हा आकडा लिहिलेला असतो, आणि डेटाबेस उघडताना दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या जातात. प्रत्येक बदल रीडू लॉगमध्ये उतरतो. अर्काइव्हलॉग पद्धत चालू असेल तर भरलेल्या रीडू लॉगची प्रत जपून ठेवली जाते. डेटा फाइल गमावूनही डेटा परत मिळतो तो या साखळीमुळे. ही पद्धत बंद असेल तर जुने रीडू लॉग पुसून त्यांवरच पुढचे लेखन होते आणि शेवटच्या बॅकअपनंतरचे काम बहुतेक वेळा कायमचे जाते.

चुकांचे संदेश वाचणे : ओरॅकल एका घटनेसाठी सहसा अनेक चुका एकाखाली एक दाखवतो आणि खरी माहिती बहुधा खालच्या ओळींत असते. ओरा-०११५७ एवढेच सांगते, की सर्व्हरला फाइल ओळखता किंवा लॉक करता आली नाही. तिच्याबरोबर येणारी ओरा-०१११० फाइलचा क्रमांक आणि पूर्ण मार्ग देते. त्याखाली लिनक्सचा क्रमांक असतो, आणि निदान तिथून सुरू होते. लिनक्स एरर २ म्हणजे त्या मार्गावर फाइल नाही, १३ म्हणजे परवानगी नाही, २४ म्हणजे प्रोसेसने उघडलेल्या फाइलींची मर्यादा संपली, आणि ५ म्हणजे डिस्कपर्यंतच्या वाटेत वाचन फसले. पडद्यावर यातले काही आले नसेल तर अलर्ट लॉग आणि ट्रेस फाइलींत ते सापडते. ओरा-००३७६ चे स्वरूप वेगळे आहे : फाइल या क्षणी वाचता येत नाही, बहुधा ती ऑफलाइन आहे म्हणून. ओरा-०१११३ फाइलला रिकव्हरी हवी असल्याचे सांगते आणि ओरा-०१५७८ विशिष्ट फाइलमधला विशिष्ट ब्लॉक बिघडल्याचे सांगते.

एरर ५ आली असेल तर डेटाबेसला हात लावण्याआधी ऑपरेटिंग सिस्टिमचा लॉग पाहावा. डीडी या साध्या आज्ञेने ती फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून पाहिली आणि तेही वाचन अडले, तर दोष डेटाबेसच्या खालच्या थरात आहे, आणि डेटाबेसच्या कोणत्याही आज्ञेने तो जाणार नाही. डिस्कच मरणपंथाला लागली असेल तर जीएनयू डीडीरेस्क्यूसारखे साधन आधी वाचता येणारे भाग काढून घेते आणि मग अवघड भागांकडे वळते.

फाइल न सापडणे : या प्रकारात फाइल बहुतेकदा कुठेतरी असतेच. नेटवर्कवरची स्टोरेज माउंट होण्याआधी डेटाबेस सुरू झाला, तर माउंटची डिरेक्टरी रिकामी दिसते आणि एरर २ येते. माउंट करून ऑल्टर सिस्टिम चेक डेटाफाइल्स ही आज्ञा दिली किंवा डेटाबेस पुन्हा सुरू केला, की प्रश्न मिटतो. पण घाईत कोणी त्या रिकाम्या डिरेक्टरीत बॅकअप रिस्टोअर केला, तर डेटाबेस स्थानिक डिस्कवरच्या प्रतीवर चालू लागतो आणि नवे व्यवहार तिच्यात जमा होतात. पुढच्या वेळी सर्व्हर चालू होताना माउंट नीट लागले, की ही नवी प्रत त्याखाली झाकली जाते आणि जुनी फाइल पुढे येते. मूळ दोष काही मिनिटांचा असतो, त्यातून निर्माण झालेला गोंधळ निस्तरायला फार वेळ जातो.

अनेक नोडांवर चालणाऱ्या रॅक डेटाबेसमध्ये एक चूक वारंवार आढळते. टेबलस्पेसला नवी फाइल जोडताना डिस्क ग्रुपच्या नावाआधीचे अधिकचिन्ह राहून जाते आणि फाइल सामायिक डिस्क ग्रुपऐवजी एकाच नोडच्या ओरॅकल होमखालील डीबीएस डिरेक्टरीत तयार होते. त्या नोडवर सगळे सुरळीत असते. दुसऱ्या नोडवर त्या फाइलला हात लागताच ओरा-०११५७ येते. फाइल धड असल्याने ती फक्त योग्य जागी हलवायची असते, आणि १२सी आवृत्तीपासून चालू डेटाबेसमध्येही ते करता येते. कंट्रोल फाइल नव्याने तयार करताना एखादी डेटा फाइल यादीतून सुटली, तर मिसिंग००००७ अशा धर्तीचे बनावट नाव दिसते. स्टँडबाय सर्व्हरवर फाइल आपोआप तयार होण्याची सोय बंद असेल तर तिथे त्याच धर्तीचे अननेम्ड नाव येते. या नावाची फाइल डिस्कवर शोधत बसण्यात अर्थ नसतो. खऱ्या फाइलशी त्या नावाची गाठ घालून द्यायची असते आणि स्टँडबायवर ती फाइल तयार करायची असते.

परवानगीचा दोष शोधायला सर्वांत सोपा असतो. रूट वापरकर्त्याने फाइल रिस्टोअर केली आणि मालकी ओरॅकल वापरकर्त्याकडे दिली नाही, हे त्याचे नेहमीचे कारण. विंडोजवर अँटिव्हायरस किंवा बॅकअपचे सॉफ्टवेअर फाइल धरून बसते. डेटा फाइलींची डिरेक्टरी त्या तपासणीतून वगळावी.

पुसलेली फाइल : लिनक्सवर आरएम आज्ञेने फाइल पुसली गेली आणि डेटाबेस अजून चालू असेल, तर पहिली सूचना एकच : डेटाबेस बंद करू नये. नाव गेले तरी ज्या प्रोसेसने फाइल उघडलेली आहे ती प्रोसेस जिवंत असेपर्यंत डिस्कवरील मजकूर मोकळा होत नाही. डेटाबेस रायटर प्रोसेसच्या प्रॉक डिरेक्टरीतील एफडी यादीत ही फाइल ‘डिलीटेड’ अशा शेऱ्यासह दिसते आणि तिथून तिची प्रत काढता येते. प्रत घेताना लेखन चालू असल्याने ती जशीच्या तशी वापरू नये. मूळ जागी ठेवून, फाइल ऑफलाइन करून, रीडू लावून मग ऑनलाइन आणावी. सर्व्हर रीस्टार्ट करून पाहण्याच्या सवयीने ही संधी नेहमीसाठी संपते.

मागेपुढे राहिलेली फाइल : जुनी प्रत रिस्टोअर केली, की तिच्या शीर्षातील आकडा कंट्रोल फाइलच्या मागे असतो आणि ओरा-०१११३ येते. हे बिघाडाचे लक्षण नाही. आवश्यक अर्काइव्ह लॉग उपलब्ध असतील तर रिकव्हर डेटाफाइल ही आज्ञा फाइलला वर्तमानापर्यंत आणते. उलट बाजूची चूक ओरा-०१२०७ : डेटा फाइल पुढे आणि कंट्रोल फाइल जुनी. तिथे डेटा फाइल बदलणे हा चुकीचा मार्ग आहे, प्रश्न कंट्रोल फाइलचा असतो.

डेटा फाइल थेट ऑफलाइन करणे आणि टेबलस्पेस नॉर्मल पद्धतीने ऑफलाइन करणे यांतला फरक अनेकांना उशिरा कळतो. टेबलस्पेसच्या बाबतीत आधी चेकपॉइंट होतो, म्हणजे मेमरीतील बदल फाइलींत लिहिले जातात, म्हणून ती पुन्हा लगेच ऑनलाइन येते. फाइलच्या बाबतीत चेकपॉइंट होत नाही. काहीही बिघडलेले नसले तरी तिला रिकव्हरी लागते, आणि तोवर अर्काइव्ह लॉग हटवले गेले असतील तर चांगली फाइल अडकून पडते. ऑफलाइन ड्रॉप या शब्दांनीही फसगत होते. त्या आज्ञेने डिस्कवरची फाइल पुसली जात नाही आणि डेटाबेसच्या नोंदीतूनही जात नाही. बाकीचा डेटाबेस उघडतो एवढेच. फाइल परत आणण्याची वाट रीडू असेपर्यंतच खुली असते.

बॅकअप नसताना वापरायचा एक मार्ग फारसा माहीत नसतो. फाइल तयार झाल्यापासूनचे सगळे अर्काइव्ह लॉग शाबूत असतील, तर ऑल्टर डेटाबेस क्रिएट डेटाफाइल या आज्ञेने रिकामी फाइल उभी करून तिच्यावर पहिल्यापासूनचे बदल चढवता येतात. सिस्टिम टेबलस्पेसच्या मूळ फाइलला हा उपाय लागू पडत नाही. तात्पुरत्या टेबलस्पेसच्या फाइली गेल्या तर चिंता नसते. १०जी आवृत्तीपासून त्या डेटाबेस सुरू होताना आपोआप नव्याने तयार होतात.

बिघडलेले ब्लॉक : ८ केबीचा ब्लॉक डिस्कवर लहान तुकड्यांत लिहिला जातो. लेखन अर्ध्यावर असताना वीज गेली तर ब्लॉकचे डोके नवे आणि शेपूट जुने राहू शकते. म्हणून शेवटचे ४ बाइट सुरुवातीच्या नोंदींशी जुळवले जातात. याशिवाय डीबी ब्लॉक चेकसम ही सेटिंग ब्लॉक लिहिताना चेकसम नोंदवते आणि वाचताना ताडते. ओरा-०१५७८ आल्यावर आधी बिघाडाचा पसारा मोजावा. एक ब्लॉक बिघडलेला दिसला म्हणजे एकच बिघडला आहे असे नाही. डीबीव्हेरिफाय एकेक फाइल तपासते. आरमॅन या ओरॅकलच्या बॅकअप साधनाची व्हॅलिडेट आज्ञा पूर्ण डेटाबेस वाचून बिघडलेल्या ब्लॉकांची यादी करते. मग डीबीए एक्स्टेंट्स या व्ह्यूमधून ते ब्लॉक कोणाच्या मालकीचे आहेत ते शोधावे. इंडेक्सचे निघाले तर इंडेक्स काढून तक्त्यावरून नव्याने तयार करावा. केवळ रीबिल्ड केल्यास जुना बिघडलेला इंडेक्सच वाचला जाऊ शकतो. ब्लॉक मोकळ्या जागेतले निघाले तर डेटा गेलेलाच नसतो.

तक्त्याचे ब्लॉक असतील तर आरमॅनची ब्लॉक रिकव्हरी हा सर्वांत चांगला उपाय आहे. ती बॅकअपमधून तेवढेच ब्लॉक घेऊन त्यांवर रीडू लावते, आणि फाइल ऑनलाइन राहते. सोबत ओरा-२६०४० आली असेल तर मात्र हा मार्ग बंद आहे : तो डेटा नोलॉगिंग पद्धतीने भरलेला होता, म्हणजे त्याचा रीडू कधी लिहिलाच गेला नाही. मूळ स्रोतातून तो पुन्हा भरावा लागतो. डीबीएमएस रिपेअर पॅकेजची बिघडलेले ब्लॉक वगळून पुढे जाण्याची सोय ही दुरुस्ती नव्हे. त्या ब्लॉकांतल्या नोंदी सोडून द्याव्या लागतात, आणि तक्त्यावरची बेरीज कोणतीही सूचना न देता चुकीची येऊ लागते. उरलेला डेटा बाहेर काढण्यापुरताच तिचा वापर व्हावा.

इतर डेटाबेस : एसक्यूएल सर्व्हरमध्ये ८२३ ही चूक ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवरचे वाचन फसल्याचे आणि ८२४ पानाची रचना किंवा चेकसम न जुळल्याचे सांगते. ८२५ अधिक लक्ष देण्यासारखी आहे : वाचन आधी फसले आणि पुन्हा प्रयत्न केल्यावर जमले. काम अडत नाही म्हणून ती दुर्लक्षिली जाते, पण डिस्क बिघडू लागल्याची ती सर्वांत स्वस्त पूर्वसूचना आहे. सस्पेक्ट अवस्थेतला डेटाबेस डिटॅच करू नये. तो पुन्हा जोडला जाईलच असे नाही. डेटा गमावण्याची मुभा देणारी चेकडीबीची दुरुस्ती शेवटी आणि प्रतीवर आजमावावी. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये फोर्स रिकव्हरीचे १ ते ६ स्तर आहेत. ४ आणि त्यापुढील स्तर फाइलींचे कायमचे नुकसान करू शकतात.

पोस्टग्रेसच्या इतिहासातील २०१८ चे प्रकरण या विषयात फार महत्त्वाचे आहे. लिनक्समध्ये डिस्कवरचे लेखन फसले, की लेखन डिस्कवर पक्के करणारी एफसिंक ही हाक एकदा चूक कळवत असे. पण न लिहिलेले पान लिहिले गेल्यासारखे नोंदवले जाई, आणि दुसऱ्या प्रयत्नात एफसिंक यशस्वी ठरे. पोस्टग्रेस त्या दुसऱ्या उत्तरावर विश्वास ठेवत असे. फेब्रुवारी २०१९ मधील ११.२ आणि त्याच वेळच्या इतर दुरुस्त आवृत्त्यांपासून एफसिंक फसताच सर्व्हर स्वतःहून थांबतो आणि लॉगवरून पुन्हा उभा राहतो. ओरॅकलनेही ११.२.०.२ पासून डेटा फाइलवरचे लेखन फसल्यास फाइल ऑफलाइन करण्याऐवजी इन्स्टन्स बंद पाडण्याचे धोरण घेतले. पोस्टग्रेसमध्ये पानांचे चेकसम २०१३ च्या ९.३ आवृत्तीत ऐच्छिक म्हणून आले आणि २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत नव्या डेटाबेससाठी आपसूक चालू झाले. झिरो डॅमेज्ड पेजेस ही सेटिंग बिघडलेले पान शून्यांनी भरल्यासारखे मानते, त्यामुळे त्यातल्या नोंदी जातात. फाइलींची पूर्ण प्रत घेतल्याशिवाय ती चालू करू नये.

किल्ली हरवलेली फाइल : वरील चार कारणांखेरीज ओरॅकलमध्ये आणखी एक आढळते. कूटबद्ध टेबलस्पेसची फाइल अखंड, चेकसमसुद्धा बरोबर, आणि तरीही वाचता न येणारी असू शकते. ओरा-२८३६५ म्हणजे किल्ल्यांचे वॉलेट उघडलेले नाही. वॉलेटची प्रतच कुठे नसेल तर बॅकअपही तितकेच बंद राहतात, म्हणून वॉलेटचा बॅकअप डेटाच्या बॅकअपपासून वेगळ्या जागी ठेवतात.

बॅकअपमधील बिघाड : आरमॅन बॅकअप घेताना प्रत्येक ब्लॉक तपासतो आणि बिघडलेला ब्लॉक आढळला तर मूळ सेटिंगनुसार त्या फाइलचा बॅकअप थांबवतो. अनेक ठिकाणी बिघाडाची पहिली बातमी याच फसलेल्या बॅकअपमधून मिळते. तो पार पडावा म्हणून किती बिघडलेले ब्लॉक चालतील हे ठरवणारी मॅक्सकरप्टची मर्यादा वाढवली, तर बिघडलेले ब्लॉक नव्या बॅकअपमध्ये जातात, आणि धारणामुदत संपताच चांगले ब्लॉक असलेले जुने बॅकअप हटवण्यास पात्र ठरतात. अशा वेळी जुने बॅकअप हटवणारे काम आधी थांबवावे. ब्लॉक दुरुस्त झाल्यावर व्हॅलिडेट पुन्हा चालवून यादी रिकामी झाल्याची खात्री करावी, मर्यादा पूर्ववत शून्यावर आणावी, पूर्ण बॅकअप घ्यावा, तो रिस्टोअर व्हॅलिडेट आज्ञेने वाचून पाहावा, आणि त्यानंतरच हटवण्याचे काम पुन्हा चालू करावे.