काळ्या हिरड्या, गुलाबी हिरड्या

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव जुन्या मंदिरांसाठी आणि बारवेसाठी ओळखले जाते. आपल्याकडच्या जुन्या देवळांवरील मूर्ती पाहिल्या तर त्यांचे हसू बहुधा मिटल्या ओठांचे असते. दात आणि हिरड्या दिसतात त्या हाडामांसाच्या माणसाच्या, आणि त्या कशा दिसाव्यात याबद्दलच्या कल्पना काळाबरोबर पार उलटल्या आहेत. आज मोठ्या शहरांत हसू सुंदर दिसावे म्हणून हिरड्या कापून घेतात, लेसरने त्यांचा काळेपणा घालवतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच महाराष्ट्रात स्त्रिया दात मुद्दाम काळे करीत, आणि त्यात हिरड्याही रंगत.

या काळ्या पुडीला मराठीत दातवण म्हणत. काजळ-कुंकवाप्रमाणे तेही सवाशिणीचे लेणे होते. उर्दू-हिंदुस्थानीत याच प्रकाराला मिस्सी म्हणतात. हा शब्द तांबे या अर्थाच्या फारसी ‘मिस’ शब्दावरून आलेला आहे. परभणीचा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे या भागात मराठी आणि उर्दू या दोन्ही शृंगारपरंपरा शेजारी शेजारी नांदल्या.

दातवणात मुख्यतः हिराकस आणि हिरडा किंवा मायफळ असे. मिस्सीत मोरचूदही घालत. हिराकस म्हणजे लोहाचे सल्फेट. हिरड्यात व मायफळात टॅनिन भरपूर असते. टॅनिन आणि लोह एकत्र आले व त्यांना हवेतील ऑक्सिजन मिळाला की निळसर काळा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ तयार होतो. युरोपात शतकानुशतके लिहिण्याची शाई याच क्रियेने बनवत. म्हणजे दातवण लावणारी स्त्री आपल्या तोंडात एका परीने शाईच तयार करीत होती! टॅनिनचा आणखी एक गुण असा, की ते प्रथिनांना बांधून ठेवते. हिरडा चावल्यावर तोंड तुरट होऊन आवळल्यासारखे वाटते ते यामुळेच. ‘दातवणाने हिरड्या घट्ट होतात’ या समजुतीचे मूळ बहुधा या अनुभवात असावे.

हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. जुने लोखंडी खिळे चार-पाच दिवस व्हिनेगरमध्ये ठेवावेत. दुधाशिवायच्या कडक चहात त्यातील काही थेंब टाकले की चहा काळा पडतो. (अर्थात हे मिश्रण चाखायचे नाही.) जपानमध्ये दात काळे करण्यासाठी अगदी अशीच लोखंड मुरवलेली आंबट द्रावणे आणि झाडावरच्या गाठींची पूड वापरत. तेथील सरकारने 1870 मध्ये सरदार घराण्यांना ही चाल बंद करायला सांगितली. 1873 मध्ये खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दातांनिशी लोकांसमोर आली आणि फॅशन उलटली.

आपल्याकडे दातवण मागे पडले, पण दाताला काळी पूड लावण्याची सवय पुरती गेली नाही. अनेक घरांत त्या जागी मिश्री आली. मिश्री म्हणजे भाजून, जाळून कुटलेली तंबाखू. दिसायला दोन्ही पुडी काळ्या. पण एकीत शाईचे रसायन, तर दुसरीत निकोटिन आणि कर्करोगकारक द्रव्ये. ‘दात घासते’ असे म्हणत बाई दिवसातून चार वेळा मिश्री लावते, ती व्यसनामुळे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील 1,01,761 ग्रामस्थांची तोंडे तपासली. 1972 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीचा विषय तोंडाचा कर्करोग आणि त्याआधीची लक्षणे हा होता. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर व टूथपेस्टवर केंद्र सरकारने 1992 मध्ये बंदी घातली आणि 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत मात्र कोणताही कायदा सहजासहजी पोहोचत नाही.

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. हिरडी कापण्याची शस्त्रक्रिया आधी आली ती रोगासाठी. व्हिएन्नाच्या रोबिचेक यांनी 1884 मध्ये तिचे वर्णन केले. निरोगी हिरडीला केवळ आकार देण्याचे तंत्र अमेरिकेतील हेन्री गोल्डमन यांनी 1950 च्या सुमारास मांडले. पण हिरडी हवी तेवढी कापता येत नाही. गार्जुलो व सहकाऱ्यांनी 1961 मध्ये मोजमाप करून दाखवले, की हाडाच्या कडेपासून वर सरासरी 2.04 मिलिमीटर जागेत हिरडी दाताला चिकटलेली असते. या पट्ट्यावर घाला घातला तर सूज टिकून राहते आणि हाड झिजू लागते. म्हणून शस्त्रक्रियेआधी हाड कोठे आहे ते पाहावेच लागते.

रंगाचे म्हणाल तर हिरडीचा काळसरपणा हा बहुतेक वेळा रोग नसतो. कातडीला रंग देणारे मेलॅनिन तेथेही असते. ते तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि सावळ्या माणसांत साधारण सारख्याच संख्येने असतात. फरक असतो तो त्यांच्या कामाच्या वेगात. वरचा थर खरवडला किंवा लेसरने जाळला तरी कडेच्या पेशी पुन्हा आत सरकतात, आणि अनेकांत काही महिन्यांनी वा वर्षांनी रंग परततो. लहानपणापासून सारखा असलेला रंग काळजीचा नाही. अचानक उमटलेला काळा, लाल किंवा पांढरा चट्टा, तसेच दोन आठवड्यांत न भरणारी जखम मात्र दंतवैद्याला दाखवलीच पाहिजे.

काळ्या हिरड्यांमुळे हसताना तोंडावर हात धरणारी मुलगी आपल्या वर्गात असू शकते. तिच्या पणजीच्या काळी हाच काळा रंग दागिना होता, हे तिला सांगावे. आणि कोणाच्या घरी मिश्रीची डबी असेल, तर त्या डबीत खरे काय आहे, तेही मुलांकरवी घरापर्यंत पोहोचवावे. यातले दुसरे काम अधिक तातडीचे आहे असे आम्हाला वाटते.