कोठडीतल्या मुलांची वही

१९६४ साली अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात जेराल्ड गॉल्ट या १५ वर्षांच्या मुलाला शेजारणीशी फोनवर अश्लील बोलल्याच्या आरोपावरून सुधारगृहात धाडले गेले, तेही वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत. त्याच गुन्ह्याला प्रौढ माणसाला फार तर ५० डॉलर दंड किंवा दोन महिन्यांची कैद झाली असती. तक्रारदार बाई न्यायाधीशांपुढे आलीच नाही, आणि सुनावणीत मुलगा काय बोलला याची नोंद कोणी ठेवली नाही. पुढे त्यावरूनच वाद झाला, तेव्हा ज्याच्या त्याच्या आठवणीवर विसंबावे लागले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि अशा मुलांना वकिलाचा हक्क दिला. १८९९ साली शिकागोत पहिले बालन्यायालय उभे राहिले ते कणवेपोटी; पण त्या कणवेच्या कारभारात मुलाविषयी सगळे बोलत, मुलाचे बोलणे मात्र कागदावर येत नसे. कोठडीतल्या मुलांच्या लेखनवर्गांकडे मी ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न म्हणून पाहतो.

हे वर्ग फोफावले ते प्रतिकूल काळात. १९९५ मध्ये जॉन डिउलिओ या राज्यशास्त्रज्ञाने ‘सुपर-प्रिडेटर’ म्हणजे निर्दय हिंस्र पोरांची पिढी येते आहे, असे भाकीत केले. ते साफ खोटे ठरले. अल्पवयीनांच्या शिक्षेविषयी सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या २०१२ च्या मिलर खटल्यात तसे सांगणाऱ्या अभ्यासकांच्या निवेदनात खुद्द डिउलिओही सामील झाले. तोवर कायदे कडक होऊन गेले होते. या भीतीच्या ऐन भरात, सप्टेंबर १९९६ मध्ये रॅपर तुपाक शकूर गोळीबारात मारला गेला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या बालबंदीगृहातल्या मुलांना त्याच्याविषयी लिहायचे होते. डेव्हिड इनोसेन्सिओ यांनी ते लेखन गोळा केले, आणि त्यातून ‘द बीट विदिन’ हे नियतकालिक निघाले. मुलाच्या लेखनाखाली संपादकांचे उत्तर छापण्याची त्याची प्रथा मला फार मोलाची वाटते: तुझे वाचले, असे मुलाला कोणीतरी लेखी सांगते. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये सिस्टर जॅनेट हॅरिस यांच्या पुढाकाराने ‘इनसाइडआउट रायटर्स’ सुरू झाले.

ज्यांच्या घरातला माणूस मारला गेला त्यांचे कोण ऐकणार, हा आक्षेप खरा आहे. पण वही हाती दिल्याने कोणाची शिक्षा घटत नाही. अशा वर्गांनी पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण किती घटते, असेही विचारतात. स्वेच्छेने वर्गात बसणारी आणि न बसणारी मुले मुळातच वेगळी असतात, म्हणून ते मोजणे कठीण. आणि शाळेतल्या मराठीच्या तासाला आपण ही अट घालत नाही. सर्वांत गंभीर आक्षेप वकिलांचा आहे: चालू खटल्याविषयी लिहिलेला मजकूर मुलावरच उलटू शकतो. तो मान्य करूनच वर्ग चालवावे लागतात. ‘गीतारहस्य’ मंडालेत आणि ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. पण टिळक आणि साने गुरुजी भाषा कमावून तुरुंगात गेले होते. शाळा सुटलेल्या मुलाला ती तिथेच कमवावी लागते.

२०१५ च्या कायद्याने आपल्याकडेही १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालू शकतो. त्याआधी बाल न्याय मंडळ त्याची मानसिक क्षमता आणि गुन्ह्याची परिस्थिती पारखते. त्या पारखणीचे अहवाल दुसऱ्यांच्या हातचे असतात. महाराष्ट्रातल्या प्रत्येक निरीक्षणगृहात मुलाला स्वतःची वही मिळावी, आणि ती कोणाला दाखवायची हे ठरवण्याचा हक्क त्याच्याकडेच असावा.