लग्नाची यादी : एका जुन्या हिशेबाची गोष्ट

लग्नाचे अंदाजपत्रक ही काही आपण विलायतेत येऊन शिकलेली गोष्ट नव्हे. महाराष्ट्रात स्थळ पसंत पडले की पुढची पायरी म्हणजे 'याद्या करणे'. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बैठकीला बसत, कागदाच्या माथ्यावर 'श्री' लिहून हळदकुंकू लावत आणि मानपान, कपडे, दागिने, जेवणावळी यांपैकी कोणता खर्च कोणी करायचा, ते कलमवार उतरवून काढत. याद्या झाल्या त्याच दिवशी लग्नही उरकले, तर त्याला 'यादी पे शादी' म्हणत. मोठ्या घरची लग्नेही यातून सुटली नव्हती. सवाई माधवराव पेशव्यांचे लग्न १७८३ साली पुण्यात झाले, तेव्हा कोणी कोणते काम पाहायचे याची तपशीलवार तजवीज नाना फडणविसांनी आधीच करून ठेवली होती.

यादीचा गुण असा, की वाद व्हायचा तो लग्नाआधी होऊन जाई. तिचा दोष असा, की तिच्यात हुंड्याचे कलमही राजरोस बसे. १९६१ च्या कायद्याने हुंडा देणे आणि घेणे दोन्ही गुन्हे ठरले. त्यानंतर ते कलम कागदावरून गेले, बैठकीतून मात्र सगळीकडे गेले नाही. आणखी एक दोष होता. जिच्या लग्नाची यादी, ती मुलगी बहुधा आतल्या खोलीत असे.

आता 'लग्नाच्या उधळपट्टीने माणूस बुडतो' या वाक्याचा इतिहास पाहू, कारण तो आपल्या समजुतीपेक्षा वेगळा आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने लुटली आणि कर्जरोखे जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. कुणबी लग्नकार्यात वारेमाप खर्च करतो म्हणून कर्जबाजारी होतो, असे तेव्हाचे बरेच अधिकारी आणि शिकलेले लोक धरून चालत. आयोगाचा निष्कर्ष वेगळा निघाला. ऐपतीच्या मानाने तो खर्च जास्त असेलही, पण तो क्वचित येणारा प्रसंग. अन्नधान्य, बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठी वारंवार घ्यावी लागणारी छोटी कर्जे हीच खरी ओझे वाढवतात, असे आयोगाने म्हटले. हा अहवाल १८७८ साली इथल्या पार्लमेंटपुढेही आला, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला.

महात्मा फुल्यांनीही 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ सालच्या ग्रंथात हाच आरोप खोडून काढला. पण मग मनात एक प्रश्न येतो. लग्नखर्चाने शेतकरी बुडत नाही म्हणणाऱ्या जोतीरावांनीच, सत्यशोधक समाज स्थापन झाल्यावर तीन महिन्यांत, २५ डिसेंबर १८७३ रोजी अगदी अल्प खर्चात लग्न का लावून दिले? मला वाटते, त्यांचे भांडण रकमेशी नव्हते, कलमाशी होते. पैसा कोणाच्या हाती जातो आणि त्याच्या बदल्यात काय मिळते, हे त्यांनी विचारले. भटजी आणि दक्षिणा ही कलमे त्यांनी काढली, आणि वधूवरांनी एकमेकांना द्यायच्या वचनांना मान दिला. आतल्या खोलीतली मुलगी निदान तिथे तरी बोलती झाली.

इंग्लंड आणि वेल्समध्येही यादी बदलत आली आहे. १९९५ पर्यंत नागरी विवाह रजिस्टर ऑफिसातच लागत असे. आपली बरीच कुटुंबे एका दिवशी नोंदणी करत आणि दुसऱ्या दिवशी एखाद्या हॉलमध्ये विधी व जेवण. १९९४ च्या विवाह कायद्याने मान्यताप्राप्त हॉटेले आणि वाडे यांनाही परवानगी मिळाली. सोय झाली, पण पूर्वी सुटी सुटी दिसणारी कलमे एका 'पॅकेज'मध्ये शिरली. सुट्या कलमावर घासाघीस करता येते, पॅकेजवर करणे कठीण.

गेल्या वर्षी माझ्या पुतणीचे लग्न इथेच ठरले आणि हिशेबाचे काम, संगणकवाला म्हणून, माझ्याकडे आले. तेव्हा मला माझ्या बहिणीचे १९९१ सालचे लग्न आठवले. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांनी भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतली आणि ती पगारातून हप्त्याहप्त्याने फेडली. ती वर्षे ओढाताणीची गेली, पण घर बुडाले नाही, कारण कर्ज स्वतःच्याच शिलकीतून होते. तेच लग्न सावकाराच्या व्याजावर झाले असते, तर गोष्ट निराळी झाली असती.

म्हणून मी तक्त्यात रकमेशेजारी तीन रकाने वाढवले : कोण देणार, कुठून देणार, कधीपर्यंत फिटणार. बैठकीला पुतणी आणि तिचा होणारा नवरा दोघांनाही बसवले. दादाचा हट्ट तीनशे पाहुण्यांचा. "ज्यांच्याकडे मी जेवलो, त्यांना बोलावू नको?" हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. इतकी वर्षे परक्या देशात ज्यांनी आपल्याला घरचे मानले, त्यांचे हे देणेच आहे. पुतणीला मात्र घराच्या डिपॉझिटची चिंता. तिसरा रकाना भरताना 'क्रेडिट कार्ड' हा शब्द चारदा आला, तेव्हा दादा स्वतःच थांबला. शेवटी हॉटेलात एकशेचाळीस माणसे, आणि बाकीच्यांसाठी पुढच्या रविवारी हॉलमध्ये वरणभात, मसालेभात, जिलबी. दादा पूर्ण खूश झाला असे म्हणणार नाही. पण व्याजाचा एक पौंडही कोणाच्या डोक्यावर राहिला नाही.

लग्न साधे करावे की थाटाचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. सांगायचे एवढेच, की एकूण रकमेवरून भांडू नये, कलम पाहावे. यादी लिहूनच करावी, लग्नाआधी करावी, आणि ज्यांचे लग्न आहे त्यांची सही तिच्यावर सर्वांत आधी घ्यावी.