तिसऱ्या तारेचा इतिहास : सातारा-सांगलीची जुनी घरे आणि वीज

विजेचा इतिहास बहुधा वीजगृहांच्या बाजूने लिहिला जातो. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले, सातारा जिल्ह्यातील कोयना प्रकल्पाचा पहिला टप्पा १९६२-६३ मध्ये वीज देऊ लागला, अशा नोंदींनी तो भरलेला असतो. तार घराचा उंबरठा ओलांडून आत गेल्यानंतर काय घडले, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. वस्तुतः माणसाचा जीव वाचतो किंवा जातो तो उंबरठ्याच्या आत. तेथील इतिहास दोन तारांनी सुरू झाला, आणि तिसरी तार घालण्याचे काम पुष्कळ जुन्या घरांत अद्याप अपुरे राहिले आहे.

या इतिहासाच्या अभ्यासास सातारा आणि सांगली हे जिल्हे विशेष उपयुक्त आहेत. १९४९ मध्ये साताऱ्याचा दक्षिण भाग व सांगली, मिरज आदी संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. दोहोंना जोडणारी कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते आणि वाई, कराडवरून सांगलीस येते. उगमाच्या बाजूस वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस व कडक थंडी, तर सांगलीकडे बेताचा पाऊस, पण महापुराचे भय. घरेही तशीच निरनिराळी. महाबळेश्वर-पाचगणीस जांभ्या दगडाचे, पत्र्याच्या उतरत्या छपरांचे बंगले. वाई, सातारा, सांगली येथे माती-विटांच्या भिंतींचे, सागवानी खांब-तुळयांचे वाडे. ही घरे बांधणाऱ्यांनी पाऊस, वारा व उजेड यांचा विचार केला होता. विजेचा विचार त्यांच्यापुढे असण्याचे कारणच नव्हते.

अशा घरांत वीज शिरली ती दिव्याच्या रूपाने. रबराचे वेष्टन असलेल्या दोन तारा लाकडी पट्टीच्या खाचांतून तुळईवरून नेत आणि प्रत्येक खोलीत एक दिवा टांगीत. लाकडी पाटावर काळी बटणे आणि चिनी मातीचे फ्यूज बसवीत. चाळीस वॅटचे दहा दिवे एकदम लावले तरी २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर पावणेदोन अँपिअरहून अधिक प्रवाह लागत नसे. दिवा छताला असे, हात त्याच्या बटणालाच लागे. त्या परिस्थितीत दोन तारा पुरेशा वाटल्या, यात नवल नाही.

या आरंभाची साक्ष भाषेने जपून ठेवली आहे. ‘वीज’ हा शब्द आकाशातल्या विजेसाठी पूर्वीपासून होताच. परंतु घरातल्या विजेला लोकव्यवहाराने ‘लाइट’ म्हटले. ‘लाइट गेली’ असे म्हणणाऱ्यास केवळ दिवा विझला असे सांगायचे नसते, आणि पंप, शीतकपाट व पाणी तापविण्याचे यंत्र यांचा खर्च ज्यात मोडतो त्या कागदास आजही ‘लाइट बिल’ म्हणतात. अंशाचे नाव पूर्णास देण्याची ही प्रक्रिया भाषेत नित्याची आहे. येथे मात्र ती इतिहासाचा पुरावाही ठरते. घरातील वीज म्हणजे दिवा, ही समजूत शब्दात टिकली, तशीच ती भिंतीवरच्या तारांतही टिकली.

बदल झाला तो तारांच्या टोकाला. थंडीच्या दिवसांत पाणी तापवायला अंगणात तांब्याचा बंब असे आणि उबेसाठी निखाऱ्यांची शेगडी. त्यांची जागा गीझरने व विजेच्या शेगडीने घेतली. दोन हजार वॅटचा गीझर आणि दीड हजार वॅटची शेगडी एकत्र चालली की प्रवाह पंधरा अँपिअरच्या वर जातो, म्हणजे मूळच्या दिव्यांच्या जवळजवळ नऊपट. दिव्यांसाठी घातलेली बारीक तार तापते. दशकांनंतर कडक होऊन तडकलेले रबर उष्णतेने अधिकच झडते. फ्यूज वारंवार वितळतो म्हणून त्यात जाड तांब्याची तार बांधली की धोक्याची सूचना देणारा एकमेव पहारेकरीही मुका होतो. वाळलेल्या सागवानी तुळईलगत असे घडणे म्हणजे आगीला आवतण देणे होय.

याहून गंभीर प्रश्न स्पर्शाचा आहे. गीझर, इस्त्री, पंप ही धातूच्या अंगाची उपकरणे. आतील वेष्टन बिघडून प्रवाह त्या अंगावर उतरला, तर त्याला जमिनीकडे जाण्यास माणसाच्या शरीराहून सोपा मार्ग हवा. तो मार्ग म्हणजे तिसरी तार, परिभाषेत भूसंपर्क तार आणि कारागिराच्या बोलीत ‘अर्थिंग’. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी ग्राहकाच्या आवारात भूसंपर्काचे टोक पुरविण्याचे दायित्व पुरवठादारावर घातले. परंतु त्या टोकापासून प्रत्येक खोलीपर्यंत तार नेणे हे घरमालकाचे काम राहिले, आणि पुष्कळ ठिकाणी ते राहूनच गेले. तीन भोकांची खुंटी भिंतीवर आली, पण तिसऱ्या भोकामागे काहीच नव्हते.

डोंगरी प्रदेशात तार असूनही काम भागत नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. कोळसा व मीठ घालून पुरलेला नळ ओलसर, खोल मातीत चांगला चालतो. महाबळेश्वरच्या सड्यावर मातीचा थर पातळ आणि खाली जांभा. पावसाळ्यात चिंब असणारी ही भूमी उन्हाळ्यात कोरडी पडते. भूसंपर्काचा रोध दोन ओहम असेल तर बिघाडाच्या वेळी ११५ अँपिअर प्रवाह वाहून फ्यूज तत्काळ वितळेल. तोच रोध वीस ओहम झाला की प्रवाह साडेअकरा अँपिअरच राहतो. पंधरा अँपिअरचा फ्यूज जसाच्या तसा राहतो, आणि गीझरचे अंग जवळजवळ पूर्ण दाबाने भारलेले राहते. नळाला हात लावताच मुंग्या येतात, ही तक्रार अशा वेळी हसण्यावारी नेण्याजोगी नसते. ओले कपडे वाळत घालण्याची तार पत्र्याच्या छपराला बांधलेली असेल आणि त्या पत्र्याला येणारी वीजतार घासत असेल, तर धोका अंगणातही पोचतो.

म्हणूनच गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या उपकरणाचे महत्त्व. ३० मिलिअँपिअर गळतीस संवेदी असलेले असे उपकरण भूमीच्या रोधावर फारसे विसंबत नाही. १९५६ च्या नियमांत पुढे समाविष्ट झालेल्या ६१-अ या नियमाने ते बंधनकारक केले, पण पाच किलोवॅटपासूनच्या जोडण्यांना. लहान जोडभार असलेली जुनी घरे, ज्यांना त्याची निकड अधिक, ती या कक्षेबाहेर राहिली. २०१० मध्ये त्या नियमांची जागा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली आणि २०२३ मध्ये ते नव्याने निघाले. तथापि, नियम नवा झाला म्हणून भिंतीतील तार आपोआप नवी होत नाही.

कृष्णेच्या खालच्या अंगाला हाच प्रश्न पुराच्या रूपाने उभा राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याने ४५ फुटांची धोकापातळी ओलांडून ५७ फुटांची पातळी गाठली. मातीची भिंत बाहेरून कोरडी दिसू लागली तरी आत ओल धरून असते. अशा घरात पुरवठा जोडण्यापूर्वी मेगर यंत्राने ५०० व्होल्टवर वेष्टनाचा रोध मोजणे आणि बुडालेली बटणे, खुंट्या बदलणे हाच मार्ग उरतो. नंतर मीटर व मुख्य पाट पूररेषेच्या वर नेणे शहाणपणाचे.

डोंगरातील ओल आणि नदीकाठची ओल यांवरून दुरुस्तीचा क्रम ठरतो. झडलेल्या तारा तशाच ठेवून गळतीरोधक उपकरण बसविले, तर पावसाळ्यात ते दिवसातून दहा वेळा पडते आणि घरचे लोक कंटाळून ते बाजूला काढतात. म्हणून आधी तारा, नंतर भूसंपर्क, मग उपकरण. गीझर व शेगडी यांना स्वतंत्र जाड तारा हव्यात. त्यासाठी मातीच्या भिंती खोदण्याचे कारण नाही. तुळयांच्या कडेने नळीतून तीन तारा नेता येतात आणि वाड्याचे रूपही अबाधित राहते.

लाकडी पट्टीच्या दोन खाचा या घरांच्या इतिहासातील एका टप्प्याचा पुरावा आहेत. पुरावा म्हणून त्या जपाव्यात, पण त्यांतून प्रवाह वाहू देऊ नये. ‘लाइट’ हा शब्द बोलीत खुशाल राहो. भिंतीतील तारांनी मात्र तो काळ मागे टाकणे अगत्याचे आहे.