दात कोरून पोट भरणाऱ्या सरकारची गोष्ट

दाताच्या कवळीवरून एखाद्या मंत्र्याने राजीनामा दिल्याचं कधी ऐकलंय? दिलाय. एप्रिल १९५१, लंडन. आणि राजीनामा देणारा कुणी ऐरागैरा नव्हता. ब्रिटनची मोफत सरकारी आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, ज्याने उभी केली तो अन्यूरिन बेव्हन. या गोष्टीचा आपल्या तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसांशी काय संबंध, ते पुढे येतंच. पण आधी थोडं मागे जाऊ.

दात काढणं हे स्वस्तातलं काम. बसवणं महागातलं. हे पूर्वीपासून असंच आहे. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ मध्ये शपथ घेताना त्याच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्याची कवळी लाकडाची होती म्हणतात, ती शब्दशः दंतकथा. ती हस्तिदंत, धातू आणि माणसांच्या खऱ्या दातांची होती. त्याच्या १७८४ च्या हिशेबवहीत 'निग्रोंकडून' नऊ दात घेऊन पैसे दिल्याची नोंद आहे. १८१५ मध्ये वॉटर्लूची लढाई झाली तेव्हा रणांगणावर पडलेल्या तरुण सैनिकांचे दात उपटून विकले गेले, आणि अशा दातांना पुढे कित्येक वर्षं 'वॉटर्लूचे दात' हेच नाव राहिलं. श्रीमंताच्या तोंडात दात यायचे ते कुणा गरिबाच्या नाहीतर मेलेल्याच्या तोंडातून.

मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दोन गोष्टी बदलल्या. १८४६ मध्ये ईथर देऊन बेशुद्ध करणं जमलं, त्यामुळे लोक दात काढून घ्यायला तयार व्हायला लागले. आणि कडक केलेलं रबर, म्हणजे व्हल्कनाइट, आलं. हिरडीचं माप घ्यायचं, त्यावर रबराचा साचा बसवायचा आणि त्यात चिनी मातीचे दात रोवायचे. सोन्यापेक्षा कितीतरी स्वस्त. सामान्य माणसाला परवडणारी कवळी पहिल्यांदाच दिसायला लागली.

पण स्वस्त वस्तू आली की तिच्यावर टोलनाका बसवणारा येतोच. अमेरिकेत एका कंपनीने या रबरी कवळीचं पेटंट हातात घेतलं आणि प्रत्येक डेंटिस्टकडून परवान्याचे पैसे मागायला सुरुवात केली. न देणाऱ्यावर खटला. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन गावोगाव फिरून स्वतः डेंटिस्ट पकडायचा. सॅम्युअल चॅलफंट नावाचा डेंटिस्ट या खटल्यांपायी गावं बदलत सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गेला. तिथेही बेकन पोचला. एप्रिल १८७९ मध्ये चॅलफंटने त्याला हॉटेलच्या खोलीत गोळी घातली. चॅलफंटला तुरुंगवास झाला. १८८१ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि मग कुठे डेंटिस्ट मोकळे झाले.

आता ब्रिटनकडे या. तिथल्या कामगार वस्त्यांत दात म्हणजे आयुष्यभराचा खर्च असं गणित होतं. त्यामुळे तरुणपणीच सगळे दात काढून कवळी बसवायची पद्धत पडली. एकविसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून कवळी, किंवा नवऱ्यावर पुढे खर्च पडू नये म्हणून लग्नाआधीच मुलीचे सगळे दात काढायचे, अशा आठवणी तिथल्या कितीतरी घरांत सांगितल्या जातात. हुंड्याच्या जवळचीच गोष्ट ही, नाव वेगळं.

५ जुलै १९४८ ला एनएचएस सुरू झाली. डॉक्टर, औषध, चष्मा, दात काढणं, कवळी, सगळं फुकट. बेव्हन हा वेल्समधल्या खाणकामगाराचा मुलगा, तेराव्या वर्षी शाळा सोडून स्वतः खाणीत उतरलेला. पैसे नाहीत म्हणून लोक काय काय सोसतात हे त्याने पाहिलेलं होतं. तरीही जे झालं त्याने सरकार हादरलं. कवळीसाठी रांगा लागल्या. दातांवरचा खर्च सगळे अंदाज मोडून पुढे गेला. वर्षानुवर्षं फुटकी, दुसऱ्याची, नाहीतर कसलीच कवळी न लावता जगलेली माणसं एकाच वेळी दारात आली. काही जण म्हणाले, फुकट मिळतंय म्हणून लोक लुटतायत. खरं म्हणजे गरज आधीपासूनच होती. किंमत काढून टाकल्यावर ती फक्त दिसायला लागली.

१९५१ मध्ये कोरियाचं युद्ध चालू होतं. ब्रिटनने तीन वर्षांत शस्त्रांवर ४७० कोटी पौंड खर्च करायचं ठरवलं. अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल यांनी एप्रिलच्या अर्थसंकल्पात पैसे शोधले ते कवळी आणि चष्म्यात. कवळीचा निम्मा खर्च रुग्णाने द्यायचा, पूर्ण संचाला जास्तीत जास्त सव्वाचार पौंड. यातून त्या वर्षी वाचणार होते सुमारे १ कोटी ३० लाख पौंड. दात कोरून पोट भरत नाही असं आपण म्हणतो. इथे एक अख्खं सरकार म्हाताऱ्यांचे दात कोरून तोफखान्याचं पोट भरायला निघालं होतं.

बेव्हन तेव्हा कामगार मंत्री होता. त्याने राजीनामा दिला. त्याच्यासोबत हॅरल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन यांनीही. विल्सन पुढे पंतप्रधान झाले. फ्रीमन १९६५ ते १९६८ ब्रिटनचे भारतातले उच्चायुक्त होते.

गेट्सकेल यांची बाजूही समजून घ्यायला हवी. पैसा अमर्याद नसतो, आणि बेव्हन स्वतः आरोग्यमंत्री असतानाच १९४९ मध्ये औषधाच्या चिठ्ठीवर पैसे लावायचा अधिकार सरकारने कायद्यात घेऊन ठेवला होता. पण एकदा दार किलकिलं झालं की ते पुन्हा बंद होत नाही, ही बेव्हनची भीती खरी ठरली. ऑक्टोबरमध्ये मजूर पक्ष हरला आणि चर्चिल परत आले. ते स्वतः कवळी लावायचे, खास त्यांच्या बोलण्याची ढब बिघडू नये अशी बनवलेली. १९५२ मध्ये औषधाच्या चिठ्ठीलाही पैसे लागले. इंग्लंडमध्ये आज एनएचएसच्या दातांच्या दरपत्रकात कवळी सगळ्यात वरच्या टप्प्यात आहे.

तरी एक आकडा लक्षात ठेवा. १९६८ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये तोंडात एकही दात नसलेले प्रौढ ३७ टक्के होते. २००९ मध्ये इंग्लंडमध्ये ते ६ टक्क्यांवर आले.

आता आपल्याकडे. योगायोग बघा, एनएचएस सुरू झाली त्याच १९४८ साली आपण डेंटिस्ट कायदा केला. डेंटिस्ट कोण याचे नियम झाले. म्हाताऱ्याच्या कवळीचे पैसे कोण देणार, हा प्रश्न घरावर राहिला. घरातही तो शेवटी येतो. आधी मुलांची फी, मग शेतीचं बियाणं, मग मोतीबिंदू. दात पडलेल्या आजीला काय, दुधात कुस्करलेली भाकरी चालतेच की. दाणे नकोत, काकडी नको, ज्वारीची कडक भाकरी नको. हळूहळू ताट लहान होत जातं, आणि आपण म्हणतो वय झालं.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. १ एप्रिल २०१७ ला केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू झाली. गरीब ज्येष्ठांना साधनं मोफत द्यायची. तिच्या यादीत काठी, वॉकर, व्हीलचेअर, श्रवणयंत्र, चष्मा आहे. आणि कृत्रिम दातही आहेत.

अडचण पुढे आहे. काठी टेम्पोतून येते, मंडपात वाटता येते, फोटो निघतो, काम संपतं. कवळी तशी वाटता येत नाही. दात काढल्यावर हिरड्या भरायला काही आठवडे, कधी महिने जातात. मग माप घ्यायचं, चावा जुळवायचा, मेणावर बसवून बघायची, मग पक्की करायची. घातल्यावर टोचते, म्हणून परत घासून घ्यायला जायचं. चार-पाच खेपा सहज होतात. वर्षं जातात तशी जबड्याची हाडं झिजतात, कवळी सैल होते, ती पुन्हा बसवावी लागते. हे एका दिवसाच्या शिबिराचं कामच नाही. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, तसं यादीतले दात आणि तोंडातले दात यांचं होऊ शकतं.

वाट अगदी शेजारी आहे. कर्नाटकने २०१४-१५ पासून 'दंतभाग्य' योजनेत गरीब ज्येष्ठांना मोफत कवळी द्यायला घेतली, आणि काम दिलं दंत महाविद्यालयांना. तिथे खुर्ची आहे, लॅब आहे, शिकणारी मुलं आहेत, आणि माणूस परत आला तर दार उघडं आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला आपलीही सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, शिवाय खासगी आहेतच. अडतं ते येण्याजाण्याच्या भाड्यात. चार खेपांचं एसटी भाडं आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी कोण देणार?

पुढच्या वेळी तालुक्यात ज्येष्ठांचं शिबिर लागलं की पुढाऱ्यांना तीन गोष्टी विचारा. यादीतली कवळी कुठे आहे? माप घ्यायला कुठे जायचं? आणि टोचली तर परत कुणाकडे?

तुमच्या गावात कुणाला योजनेतून कवळी मिळाली असेल, तर कशी मिळाली आणि वापरात आहे का, ते खाली नक्की लिहा. मिळाली नसेल तर तेही लिहा.