साती आसरा : पाण्याकाठच्या सात दगडांचा इतिहास

मराठवाड्यात जुन्या विहिरीच्या थारोळ्याजवळ, नदीच्या डोहाकाठी किंवा तळ्याच्या पाळीवर शेंदूर फासलेले सात दगड ओळीने मांडलेले दिसतात. त्यांच्यावर हळदकुंकू असते, कधी हिरवा खण, कधी दहीभाताचा नैवेद्य. या साती आसरा. शिरूर अनंतपाळच्या परिसरात, घरणी नदीच्या खोऱ्यात वाढणाऱ्या मुलाला त्यांची ओळख पाठ्यपुस्तकातून होत नाही, आजीकडून होते. ‘भर दुपारी विहिरीवर एकटा जाऊ नको, आसरा ओढून नेतील’, एवढे त्याला शाळेत येण्याआधीच ठाऊक असते.

वर्गात हा विषय निघाला की आपण शिक्षक बहुधा हसून पुढे जातो, नाहीतर ‘ही अंधश्रद्धा आहे’ असे सांगून फळ्याकडे वळतो. दोन्ही वेळा आपल्या हातून एक साधन निसटते. गावात शिलालेख नसेल, बखर नसेल, पण हे सात दगड असतात. तोही इतिहासाचा पुरावाच आहे, फक्त तो वाचायची रीत वेगळी आहे.

नाव नवे, दगड जुने

प्रथम नाव पाहू. ‘आसरा’ म्हणजे आधार हा शब्द ‘आश्रय’वरून आला. पाण्यातल्या आसरा वेगळ्या. त्यांचा संबंध ‘अप्सरा’ या शब्दाशी जोडतात. ‘अप्’ म्हणजे पाणी. पुराणांतल्या अप्सरा इंद्राच्या दरबारात नाचतात, पण वैदिक वाङ्मयात त्यांचे पाण्याशी असलेले नाते स्पष्ट आहे. इंद्रसभेत गेलेल्या अप्सरेपेक्षा विहिरीवरची आसरा त्या जुन्या अर्थाच्या अधिक जवळ राहिली.

मग सात का? वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात सप्तमातृकांचा शिल्पपट आहे. ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी, चामुंडा अशी त्यांची नावे प्रसिद्ध आहेत. प्रत्येकीचे वाहन वेगळे, चिन्ह वेगळे. आसरांचे दगड मात्र सारखेच असतात आणि गावकरी बहुधा त्यांना वेगवेगळी नावे देत नाहीत. मोहेंजोदडोच्या एका प्रसिद्ध मुद्रेवरही खालच्या ओळीत सात आकृती उभ्या आहेत. पण ती लिपी अजून सर्वमान्य रीतीने वाचली गेलेली नाही. सात आहेत म्हणून त्या आसराच, असे म्हणणे घाईचे होईल. साम्य दिसले की नाते सिद्ध झाले, असे नसते. विज्ञानातला हा नियम इतिहासातही पाळायला हवा.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुणे परिसरात पायी हिंडून अशा ठाण्यांचा अभ्यास केला. त्यांचे ‘मिथ अँड रिअॅलिटी’ हे पुस्तक १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्ल्याच्या सातवाहनकालीन लेखात त्या प्रदेशाचे नाव ‘मामाल’ असे येते. आजच्या मावळाचे हे जुने नाव कोसंबींनी पाण्याकाठच्या ‘मावळाया’ या मातृदेवतांशी जोडले. हा तर्क मान्य केला, तर ही पूजा दोन हजार वर्षे तरी मागे जाते.

दगड तोच राहतो आणि नाव बदलते, याचे उदाहरण आपल्या मुलांच्या परिचयाचे आहे. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवशीला, लातूर-धाराशिवकडचे शेतकरी शेतात कडब्याची कोप करतात, आत पाच दगड मांडून पुजतात आणि आंबील, भज्जीचा नैवेद्य दाखवतात. या पाच दगडांना पांडव म्हणतात. पण पूजा आहे शेताची आणि पिकाची. महाभारतातला एकही प्रसंग तिच्यात नाही. शेतातल्या पाच दगडांना महाकाव्याने नावे दिली असावीत आणि पाण्यावरच्या सात बाईदेवतांना संस्कृतातल्या अप्सरांनी, असे अनुमान करायला जागा आहे.

शिक्षकांनी लिहिलेली भुते

आसरांची सविस्तर लेखी नोंद कोणी केली? उत्तर आपल्याला जवळचे आहे: शाळामास्तरांनी.

नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन हे नाव आपण क्रांतिकारकांच्या इतिहासात शिकवतो. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी त्यांचा वध केला. जॅक्सन संस्कृतचे अभ्यासक होते आणि लोकसमजुतींची माहितीही गोळा करत होते. या संग्रहात गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठवलेली उत्तरे होती. जॅक्सन यांच्यानंतर आर. ई. एन्थोवेन यांनी ही सामग्री संपादित केली. गुजरातचा भाग १९१४ मध्ये आणि कोकणचा १९१५ मध्ये निघाला. पानाच्या तळाशी अमुक गावचे शाळामास्तर असा उल्लेख येतो. कोकणच्या भागात माणसाचे नाव बहुधा नसते.

कोकणच्या या नोंदींत आसरांविषयी एक समजूत दिली आहे, ती वाचून आम्ही थांबलो. मूल झाल्यावर ज्या तरुण स्त्रियांनी पाण्यात जीव दिला, त्यांची भुते म्हणजे आसरा. त्या सातजणींच्या घोळक्याने फिरतात आणि पाण्यावर येणाऱ्या बायकांना धरतात. म्हणजे या दगडांमागे नुसती कल्पना नव्हती. सासुरवासाला कंटाळून विहीर जवळ केलेल्या लेकीसुना गावाला ठाऊक होत्या. त्यांची नावे कोणत्याही दप्तरात राहिली नाहीत. भीतीच्या रूपाने त्या गावाच्या आठवणीत राहिल्या.

मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मुंबई इलाख्यातल्या चौकशीत आपली गावे येण्याचा प्रश्नच नव्हता. सय्यद सिराज उल हसन यांचा निजामाच्या मुलखातील जातीजमातींवरचा ग्रंथ १९२० मध्ये निघाला, पण त्याची मांडणी जातवार आहे, गाववार नाही. आपल्या विहिरींवरच्या आसरांची तशी नोंद करणारे मास्तर आपल्याला लाभले नाहीत.

अशी नोंद किती मोलाची असते, हे दूरच्या उदाहरणाने पाहू. उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात अबेनाकी नावाचे आदिवासी लोक आहेत. त्यांच्या कथांत चॅम्प्लेन सरोवर घडवणारा ओझिहोझो शेवटी त्याच सरोवरात खडक होऊन बसतो. कटाडिन पर्वतावर प्मोला हा पंखधारी आत्मा राहतो. आणि दलदलीत मुलांना भुरळ घालून नेणारी एक स्त्रीही आहे. अबेनाकी आणि आपले पूर्वज यांची भेट झालेली नव्हती, तरी धोक्याच्या पाण्याला दोघांनीही बाईचे रूप दिले. वसाहतीच्या काळात त्यांची भाषा मागे पडत गेली. १८८४ मध्ये त्यांच्यातल्याच जोसेफ लॉरेंट यांनी अबेनाकी-इंग्रजी संभाषणांचे पुस्तक काढले. भाषा पुन्हा शिकू पाहणाऱ्यांना असे लेखन आज उपयोगी पडते.

भीतीमागचे पाणी

‘आसरांनी ओढले’ या वाक्यात निरीक्षण आहे, कारण मात्र नाही. बुडणारा माणूस बहुधा ओरडू शकत नाही. त्याची सारी धडपड श्वासासाठी असते. काठावरच्याला वाटते, कोणीतरी त्याला गुपचूप खाली नेले. जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीत कार्बन डायऑक्साइड तळाशी साठतो, प्राणवायू कमी पडतो. गाळ काढायला उतरलेला माणूस कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकामागून एक माणसे जाताना पाहणाऱ्याला सात बहिणी आठवल्या, तर नवल नाही. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत होती. कंदील विझला तर धोका नक्की. पण तो जळत राहिला म्हणून विहीर सुरक्षित ठरत नाही, कारण काही विषारी वायू ज्योत विझवत नाहीत. मुलांना सांगायचे ते असे : उतरू नका, उडी घेऊ नका, दोर, फांदी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेका आणि मोठ्यांना हाका मारा.

बाळंतिणीला झटके आले की ‘आसरा लागल्या’ म्हणतात. बहुतेक वेळा हा वाढलेल्या रक्तदाबाशी निगडित आजार असतो; त्यावर मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देतात. देवऋष्याकडे गेलेले तास तिच्या जिवावर बेततात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

वहीत काय लिहावे

विहिरी बुजत आहेत. विंधन विहिरीला काठ नसतो. तिथे सात दगड मांडायचे कुठे? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा किती विहिरी कोरड्या होत्या, हे आपण पाहिले आहे. पाण्याबरोबर पाण्याच्या गोष्टीही आटतात.

म्हणून आठवी-नववीच्या मुलांना एक काम द्यावे. गावातल्या आसरांच्या जागा घरच्या मोठ्यांबरोबर जाऊन पाहायच्या. दगड किती, कोणत्या पाण्याजवळ, पाणी किती महिने टिकते, पूजा कोण करते, कधी करते, गोष्ट काय सांगतात, सांगणाऱ्याचे वय काय, हे लिहायचे. दगडाला हात लावायचा नाही. कोणाच्या घरच्या मृत्यूची गोष्ट निघाली, तर नाव लिहायचे नाही. शेवटी गावाच्या नकाशावर या जागा दाखवून त्याशेजारी जुन्या विहिरींची यादी ठेवायची. दोन्ही किती जुळतात, ते मुलांनाच मोजू द्यावे.

शंभर वर्षांपूर्वी कोकणातल्या मास्तरांनी कलेक्टरसाठी लिहिले. आपण आपल्याच शाळेच्या कपाटासाठी लिहू. वहीवर मात्र गावाबरोबर लिहिणाऱ्या मुलांची नावेही घालू.