दोन जेवणांमधली वेळ

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मधल्या वेळचे खाणे पिढ्यान्‌पिढ्या कामाच्या आणि ऋतूच्या ताब्यात होते. वजन उतरवायचे तर ते खाणे सोडा, हा सल्ला इथे नवा आहे. तो रुजायला जेमतेम दहा-बारा वर्षे झाली. त्याआधी या खाण्याचे रूप कसे पालटत गेले हे पाहिल्याशिवाय तो सल्ला नेमक्या कोणत्या सवयीला लागू पडतो, ते कळत नाही. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. त्याचे जुने नाव चांदा. त्यामुळे दोघांचा इतिहासही एकत्रच सांगावा लागतो.

अन्नाच्या दृष्टीने जुन्या चांद्याचे तीन पट्टे पडतात. वरोरा-भद्रावतीकडच्या काळ्या जमिनीत ज्वारी मुख्य. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल आणि वैनगंगेपलीकडचा आरमोरी-वडसा हा झाडीपट्टीचा मुलूख. तिथे मालगुजारी तलावांच्या, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘मामा तलावां’च्या पाण्यावर धान पिकतो आणि जेवण म्हणजे भातच. दक्षिणेला एटापल्ली-भामरागडच्या डोंगरांत माडिया गोंडांचे अन्न धान, कोसरीसारखी भरड धान्ये, मासे, शिकार आणि जंगल यांतून येई. तिन्ही पट्ट्यांत पोटभर जेवण साधारण दोनदाच होई. बाकीच्या वेळेला काहीतरी पातळ असे. ज्वारीचे पीठ आंबवून केलेली आंबील, रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवलेला शिळा भात, माडियांकडे जावा, म्हणजे धान्याची पातळ पेज. वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात जावा भरून माणूस दिवसभरासाठी रानात जाई आणि भूक लागेल तसा एकेक घोट घेई. त्यात धान्य थोडे आणि पाणी फार. उन्हात राबणाऱ्या शरीराला पाणी, मीठ आणि थोडे पिष्ट लागते. ते एवढ्यातून मिळे. आजच्या हिशेबाने हे ‘सतत खाणे’ ठरेल, पण त्याने कोणाचे वजन वाढत नव्हते.

दुसरे मधले खाणे जंगलातले. मार्चअखेरीपासून मोह गळू लागतो. पहाटे बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, वेचता वेचता चार फुले तोंडात जातात, उरलेली अंगणात वाळत पडतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखरच असते. भाजून किंवा तिळाबरोबर कुटून ते पुढे पावसाळ्यात खाल्ले जाई, जेव्हा घरातला धान संपत आलेला असे. एप्रिल-मेमध्ये तेंदूची पाने तोडायला गेलेल्या माणसाला त्याच झाडाची टेंभरे मिळत, शेजारच्या झाडावर चारे पिकलेली असत. चाराचा गर खाऊन झाला की बी फोडून चारोळी निघे, पण ती घरात कमी उरे आणि बाजारात जास्त जाई. हिवाळ्यात बोरे, आवळे, सीताफळे. तलावाकाठच्या ढिवरांकडून शिंगाडे. घरच्या धानाच्या लाह्या आणि मुरमुरे. डॉ. राणी बंग यांनी ‘गोईण’ या पुस्तकात गडचिरोलीतल्या बायकांचे झाडांशी असलेले नाते नोंदवले आहे. ते वाचताना जाणवते की या बायकांना कोणत्या झाडाचे काय, केव्हा आणि किती खायचे, हे पुस्तकावाचून पक्के ठाऊक होते.

किती आणि केव्हा, याला रिवाजाचीही राखण होती. माडिया-गोंडांत नव्या हंगामाचे फळ, फूल किंवा धान्य त्याचा ‘पंडुम’ झाल्याशिवाय खात नाहीत. आंब्याला गोंडीत मरका म्हणतात. मरका पंडुम होईपर्यंत झाडाला आंबे लगडले तरी ते खायचे नाहीत. गाव जमते, देवाला आणि पूर्वजांना नवे फळ दाखवले जाते, मग सगळ्यांनी मिळून खायचे. यात धर्मभावना आहे, आणि फळ पिकण्याआधी ओरबाडले जाऊ नये ही सोयही आहे. हाताशी असलेले अन्न ठरल्या दिवसापर्यंत न खाणे ही शिस्त या समाजाला आहारशास्त्राने शिकवलेली नाही. तिचा उगम हाव आवरण्याच्या सामूहिक करारात आहे, आणि वजनाच्या चर्चेत तिची कोणी आठवणही काढत नाही, ही मोठी उणीव आहे.

या अन्नाला दुसरी, कठोर बाजू होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतात मोह आणि रानातली कंदमुळे यांवर असंख्य माणसे जगली. तेव्हा ते मधल्या वेळचे खाणे राहिले नाही. तेच जेवण झाले. त्याच काळात, १८७८ च्या वनकायद्यानंतर, राखीव जंगलाच्या सीमा आखल्या जात होत्या आणि गावकऱ्यांचा रानातला वावर सरकारच्या मर्जीवर जाऊन पडला. रानावरचा हा हक्क कायद्याने परत मिळायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला; त्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) होते.

चांद्याच्या पश्चिम भागात मात्र एकोणिसाव्या शतकातच वेगळे घड्याळ सुरू झाले होते. १८७० च्या दशकात वरोऱ्याला कोळशाची खाण चालू झाली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आली. १९२९ मध्ये बल्लारशा-काझीपेठ मार्ग पूर्ण होऊन दिल्ली-मद्रास रस्ता इथून सरळ झाला. पुढे बल्लारपूरचा कागद कारखाना, भद्रावतीचा आयुध कारखाना, १९८० च्या दशकात दुर्गापूरचे औष्णिक वीज केंद्र. पाळीत काम करणाऱ्या माणसाची भूक सूर्याबरोबर चालत नाही. रात्री दोनला सुटणाऱ्याला गरम काही हवे असते. फाटकाबाहेरच्या टपऱ्यांनी ती गरज भागवली. चहा, आलूबोंडा, कचोरी, चण्याच्या तर्रीचे पोहे. खाणीत फावडे मारणाऱ्याला हे पचत होते. अडचण पुढे आली. काम यंत्रांकडे गेले, फावड्याच्या जागी कळफलक आला, गावात मोटारसायकल आली, पण टपरीवरची वेळ आणि मात्रा तीच राहिली. नंतर पाच-दहा रुपयांची कुरकुरीत पाकिटे एटापल्ली-भामरागडच्या किराणा दुकानांतही टांगली गेली. त्यांना हंगाम नाही, पंडुम नाही, वेचायचे कष्ट नाहीत.

ताटातही बदल झाला होता. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या शेतात वेगळ्या दिसलेल्या ओंब्या निवडून, वर्षानुवर्षे जोपासून एचएमटी हे बारीक, चवदार तांदळाचे वाण तयार केले. अत्यल्प जमीन असलेल्या शेतकऱ्याचे हे काम थोरच, आणि त्याचे श्रेय त्यांना हयातीत पुरते मिळाले नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले. पण बारीक आणि चकचकीत पॉलिश केलेला तांदूळ हे प्रतिष्ठेचे अन्न झाले, तेव्हा उखळात कांडलेला जाड तांदूळ ताटातून मागे पडला. पॉलिशच्या भातात कोंडा नसतो, तो लवकर पचतो आणि भूकही लवकर लागते. मधल्या खाण्याची ओढ काही अंशी या ताटातूनच सुरू होते.

खर्ऱ्याचा उल्लेख टाळून हा इतिहास पुरा होत नाही. सुपारी, सुगंधी तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला खर्रा दोन्ही जिल्ह्यांत मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत चघळला जातो. निकोटिन भूक मारते, म्हणून कामाच्या वेळी तो न्याहारीची जागा घेतो. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली तरी खर्रा चालूच राहिला. २०१६ पासून गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ अभियान दारू आणि तंबाखू दोन्हींविरुद्ध काम करते आहे. खर्ऱ्याने अंग सडपातळ राहते अशी समजूत कोणाची असेल तर ती घातक आहे, कारण त्याची किंमत तोंडाच्या कर्करोगाने मोजावी लागते.

वजन उतरवण्याचा सल्ला या पार्श्वभूमीवर आला. त्याचे मूळही विदर्भातच आहे. काटोलचे डॉ. श्रीकांत जिचकार दोनदाच जेवा असे सांगत. २ जून २००४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांचे म्हणणे लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हा प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे नेले. कडक भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मधे पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा एवढेच घ्या, आणि रोज ४५ मिनिटे चाला. प्रत्येक खाण्याबरोबर इन्सुलिन स्रवते आणि ते असेपर्यंत चरबी वापरली जात नाही, हा त्यामागचा तर्क. उलट बाजूला ऋजुता दिवेकर यांचा सल्ला होता: दर दोन तासांनी थोडे, घरचे, स्थानिक खा. २०१८-१९ च्या सुमारास महाराष्ट्रात ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद घराघरांत झाला. नियंत्रित चाचण्यांतून आजवर दिसते ते असे की दिवसाचे एकूण उष्मांक सारखे ठेवले तर जेवणांच्या संख्येने वजनात फारसा फरक पडत नाही. दोन वेळांचा नियम पुष्कळांना उपयोगी पडतो तो मुख्यतः मधले तळलेले-गोड आपोआप गळते म्हणून.

झाडीपट्टीत हा नियम पाळताना एक गोष्ट पाहावी लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत दाखवून दिले की तिथली बाळे सरासरी २.७ किलोची जन्मतात, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची, पण त्वचेखालच्या चरबीत फरक तेवढा नसतो. काटक दिसणाऱ्या देहातही चरबी लपलेली असते. म्हणून काट्यापेक्षा कमरेचा घेर महत्त्वाचा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरली जाते. मात्र ज्या तालुक्यांत सरकारला २०१५ पासून गरोदर बायकांना ‘अमृत आहार’ योजनेतून शिजवलेले जेवण द्यावे लागते, तिथे मधला घास सोडा हे सरसकट सांगणे चूक आहे. गरोदर स्त्री, वाढते मूल, रोपे लावणारी मजूर बाई यांना तो घास हवाच. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये. दुर्गापूर-बल्लारपूरच्या वसाहतींत बसून काम करणाऱ्याची गोष्ट निराळी.

मोहफुलांचे लाडू आता बचतगट तयार करतात आणि ते पौष्टिक म्हणून शहरात विकले जातात. त्यांत लोह, कॅल्शियम आणि थोडी प्रथिने असतात हे खरे, पण फुलातली साखर तेवढीच राहते. मोह वेचून कोसभर चालत येणाऱ्याच्या अंगी ती लागत नव्हती; वजन उतरवू पाहणाऱ्याने त्यातला एक लाडू खाल्ला तर तो दोन जेवणांपैकी एका जेवणात धरावा लागतो.